एक तारखेचं खूळ

आपल्या पेन्शनची एकरकमी किंमत ज्याला करताच येत नाही, अशा खुळ्या माणसाची स्तुती कुणी तरी करायला हवी. मी करतो, कारण असा एक माणूस मी घरात पाहिला आहे.

वडील प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झाले. एक तारीख उलटली की ते छत्री घेऊन बँकेत जात. पासबुकावर छापून आलेली नवी ओळ बोट ठेवून वाचत, मग पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत आणि पिशवीला रबरबँड. घराचा स्लॅब अडला होता तेव्हा एक नातेवाईक म्हणाले, "तात्या, पासबुक आणि एटीएम कार्ड माझ्याकडे ठेवा, तीन लाख आत्ता घेऊन जा." तात्या म्हणाले, "पुढच्या महिन्याचं औषध मग कुणाच्या पैशाने आणू?" स्लॅब दोन वर्षं रखडला. तात्यांना व्यवहार कळत नाही, असं गावात ठरलं.

ज्यांना तो कळला, त्यांची गत अमेरिकेत पाहावी. तिथे पेन्शनचे पुढचे हप्ते विकत घेणाऱ्या कंपन्या निघाल्या. समजा, महिन्याचे 500 डॉलर पाच वर्षांसाठी विकले आणि हातात 15,000 आले. फेडायचे 30,000. व्याज मांडलं तर सालीना एकतीस टक्क्यांच्या पुढे जातं. तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने 2014 साली अशा कंपन्यांचे देकार तपासले, तेव्हा दर 27 ते 46 टक्के निघाले. माजी सैनिकांचे भत्ते विकायला कायद्याने बंदी आहे, तर सैनिकाच्याच नावावर खातं उघडायचं आणि त्यातून पैसे वळवायचे. शिवाय पेन्शनर मधेच गेला तर पैसा बुडू नये म्हणून त्याला आयुर्विमा काढायला लावायचा, हप्ता त्याचा आणि लाभ कंपनीचा. यातल्या एका मोठ्या कंपनीच्या प्रमुखाला 2022 मध्ये दहा वर्षांची कैद झाली.

रक्कम संपते, हप्ते उरतात आणि माणूस दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत येतो. तिथे त्याला खरी किंमत कळते. खासगी नोकरीतली कायद्याने संरक्षित पेन्शन दिवाळखोराच्या मालमत्तेत धरायची नाही, असा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा 1992 चा निवाडा आहे. म्हणजे सगळं गेलं तरी महिन्याची भाकरी राहिली असती. तीच त्याने आधी विकलेली असते. वर खरेदीदार कोर्टात सांगतो, "हे कर्ज नव्हतं, विक्री होती, म्हणून यात माफी बसत नाही."

आपल्याकडचा कायदा वडिलांच्याच जातीचा खुळा आहे. 1871 च्या पेन्शन अधिनियमाने पुढे मिळायच्या पेन्शनची विक्री आणि तिच्यावरचं तारण रद्दबातल ठरवलं आहे, आणि सावकाराला कोर्टातूनही तिच्यावर जप्ती आणता येत नाही. सरकारी नोकराला अंशराशीकरण, म्हणजे पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेणं, करता येतं, तेही फक्त 40 टक्क्यांपर्यंत, आणि तो भाग पंधरा वर्षांनी पुन्हा सुरू होतो. स्वतःचाच पैसा म्हाताऱ्याला विकू देत नाही म्हणून या कायद्यावर चिडणारे लोक मला भेटतात. मला तो कायदा थोरल्या भावासारखा वाटतो. घरात आजारपण असताना, मुलीचं लग्न ठरलेलं असताना, समोर नोटांची चळत ठेवून कुणी सही मागतो, तेव्हा माणसाच्या हाताला धरणारं कुणी तरी लागतं. कार्ड गहाण ठेवून घेणाऱ्याला मात्र हा कायदा दिसत नाही. तिथे म्हाताऱ्याचं खूळच उपयोगी पडतं.

तात्या गेले. आता पासबुकात कुटुंब निवृत्तिवेतनाची ओळ येते. नोव्हेंबरात आई हयातीच्या दाखल्यासाठी रांगेत उभी राहते, एक तारखेनंतर बँकेत जाते आणि ती ओळ बोट ठेवून वाचते. पिशवी तीच आहे. रबरबँड तेवढा मी नवा आणून दिला.