वाबी-साबीचं वेळापत्रक

पुरी-भाजी खात फुजी पाहणाऱ्यांतला मी नव्हे, हे मी सोसायटीत कुणी न विचारता सांगून ठेवलं आहे. सोबत महाराज, बसमध्ये अंताक्षरी, रात्री आमरस? छे! आपण जायचं ते नोव्हेंबरअखेर, क्योतोला, चारेक दिवस, वाबी-साबी अनुभवायला. साधेपणा, अपूर्णता, निवांतपणा. त्यासाठी मी एक्सेलमध्ये पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने पाडले आहेत. र्‍योआनजीची दगडी बाग : ९.४५ ते १०, ध्यान. तिथे १५ दगड आहेत आणि बाहेर ओसरीवर कुठेही बसलं तरी एखादा दडलेलाच राहतो. त्याला शोधायला वेगळा रकाना.

बाकी सगळं पानांवर अवलंबून. मेपलची लाली होक्काइदोत सुरू होते आणि गारठ्यामागोमाग दक्षिणेकडे सरकत नोव्हेंबरच्या उत्तरार्धात क्योतोत पोचते. तिचे अंदाज निघतात, नकाशे निघतात. मी ते रोज पाहतो. बायको चहा ठेवताना विचारते, "कशी आहेत आज पानं?" आयसीयूतल्या नातेवाइकाची चौकशी करावी तशी. तोफुकुजी मंदिराच्या पुलावरून खालची घळ लालभडक दिसते, पण ऐन हंगामात त्या पुलावर फोटो काढायला मनाई असते. हे वाचल्यावर तोफुकुजीचा रकाना मी पंधरा मिनिटांनी कमी केला.

आता जेवण. कायसेकीची ती चिमुकली ताटं-वाट्यांची मिरवणूक मला हवीच होती. पण बायकोने विचारलं, "सारात काय असतं?" आणि मी दाशीत जो बुडालो तो अजून वर आलेलो नाही. काय चीज आहे ही दाशी! कात्सुओ मासा उकडायचा, धुरी द्यायची, वाळवायचा. उंची प्रकारात त्यावर बुरशीही धरू द्यायची. शेवटी तो लाकडासारखा कडक झाला की रंध्यावर किसायचा. सुतार जसा फळी तासतो तसा मासा तासायचा! ते झिरझिरीत पापुद्रे आणि कोंबू नावाचं समुद्री शेवाळ यांचा अर्क म्हणजे दाशी. आणि ती जिथे तिथे, मिसोच्या सूपमध्ये, भाजीत, अंड्यात. कोंबूला एवढी चव कशाने, याचा छडा मूळच्या क्योतोच्याच किकुनाए इकेदा नावाच्या प्राध्यापकाने १९०८ साली लावला. पुढच्याच वर्षी ती चव भुकटी होऊन बाजारात आली. तिचं नाव अजिनोमोटो. म्हणजे आमच्या नाक्यावरचा चायनीजवाला ट्रिपल शेजवानवर चिमूट सोडतो तेव्हा तो क्योतोच्या एका सुपुत्राचं ऋण फेडत असतो. हे मी त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "हाफ की फुल?"

तर बायकोचा प्रश्न राहिलाच. ती मासे खाते, तिला चालेल. प्रश्न तिने आईसाठी विचारला होता. आईला तिसऱ्या मजल्यावरच्या सुकटीचा वास तळमजल्यावर येतो.

आई येणार असं कुणी ठरवलंच नव्हतं. खरं तर विचारलंच नव्हतं. तिनेच पहिल्या दिवशी "कुंड्यांना पाणी मी घालीन" म्हणून टाकलं आणि मी हुश्श केलं. आमच्या प्रत्येक प्रवासात कुंड्या तिच्याकडेच असतात. परवा मात्र कपाटात इस्त्रीच्या साड्यांखाली तिचा पासपोर्ट दिसला. नूतनीकरण केलेला. गेल्या महिन्यात. एकटी कधी जाऊन आली कोण जाणे. मी काही बोललो नाही, तीही नाही. त्या रात्री मला एक्सेल उघडावंसं वाटलं नाही.

आणि गंमत पाहा, त्या शहराला लायक कुणी असेल तर तीच. तिथल्या बौद्ध मठांतलं शोजिन जेवण कोंबू आणि शिताके अळंब्यांच्या दाशीत शिजतं. त्यात मासा नाही, कांदा-लसूणही नाही. म्हणजे कार्तिकी होऊन चातुर्मास सुटला तरी तिला काही चुकल्यासारखं वाटायचं नाही. चहाच्या विधीला ज्या सेइझात बसावं लागतं ते आपलं वज्रासन. आई रोज जेवणानंतर पेपर संपेपर्यंत तसंच बसते. मी घरी सराव केला, तर उठताना मला सोफ्याने हात दिला. चहागुरू सेन नो रिक्यूच्या परंपरेतल्या चहाघरांचं दार जेमतेम ६६ सेंटीमीटरचं. सामुराईनेही तलवार बाहेर ठेवून वाकून, रांगत आत यायचं. माझा अहंकार तिथून जाईल, पोटाची खात्री नाही.

एक्सेल आता तिघांचं आहे. रकाने तासाचे केले, दगडाचा रकाना काढून टाकला. आईने "कशाला उगाच खर्च" एवढंच म्हटलं आणि कुंड्या शेजारच्या वहिनींकडे नेऊन ठेवल्या. अडलंय ते मुक्कामाचं. नोव्हेंबरअखेर क्योतोत तातामी चटयांच्या खोलीत एक खुर्चीही देणारं पारंपरिक उतारघर, अर्थात र्‍योकान कुणाच्या माहितीत असेल तर कृपया कळवा. खुर्ची माझ्यासाठी हवी आहे.