काळ आला होता, पण…

शालेय व्याकरणानुसार इंग्रजीत बारा काळ असतात: वर्तमान, भूत आणि भविष्य या तिघांचे साधा, चालू, पूर्ण आणि चालू पूर्ण असे प्रत्येकी चार प्रकार. अनेक भाषाशास्त्रज्ञ क्रियापदाच्या रूपाकडे बोट दाखवून वर्तमान आणि भूत असे दोनच काळ मानतात. त्यांच्या मते भविष्याला स्वतःचे रूप नाही, ते 'विल'च्या खांद्यावर बसून येते. परीक्षेत मात्र या मताला गुण मिळत नसल्याने बाराही पाठ करणे श्रेयस्कर.

निवडीचा पहिला घोळ साध्या आणि चालू वर्तमानकाळाचा. सवयीला साधा, या घडीला चाललेल्या कामाला चालू. 'आय ड्रिंक टी' ही सवय झाली. 'आय ॲम ड्रिंकिंग टी' म्हणजे कप हातात आहे. माहीत असणे, हवे असणे, समजणे ही कामे नसून अवस्था आहेत, म्हणून त्यांच्या क्रियापदांना सहसा आयएनजी लागत नाही. पण 'मला माहीत आहे' मधला 'आहे' इमानेइतबारे 'ॲम' होऊन उतरतो आणि 'आय ॲम नोइंग' जन्माला येते. मुंबईच्या मराठीभाषक बेने इस्रायल समाजातले इंग्रजी कवी निसिम इझिकेल यांनी 'गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.' या कवितेत निरोपाचे भाषण याच थाटात चालवले. २००३ साली मॅकडॉनल्ड्सने 'आय ॲम लव्हिन इट' ही घोषणा जगभर झळकवली. अशी रचना विद्यार्थ्याने केली तर चूक, कंपनीने केली तर जाहिरात.

पूर्ण वर्तमानकाळात क्रिया संपलेली असते, परिणाम उरलेला असतो. 'आय हॅव लॉस्ट माय की' म्हणणारा अजून दाराबाहेर उभा आहे. 'आय लॉस्ट माय की यस्टर्डे' म्हणणारा कदाचित घरात बसून सांगत असेल. 'यस्टर्डे' आला की 'हॅव'ने निघून जायचे, असा कडक नियम आहे. मराठीत 'तो कालच आलाय' बिनदिक्कत चालते, त्यामुळे 'ही हॅज कम यस्टर्डे'ही चालून जाईल, असा भाबडा विश्वास असतो. जेवलास का, हे ब्रिटिश माणूस 'हॅव यू ईटन यट?' असे विचारतो, तर अमेरिकन बरेचदा 'डिड यू ईट यट?' एवढ्यावर भागवतो. ताटातले अन्न दोघांच्याही व्याकरणासाठी थांबत नाही.

पूर्ण भूतकाळाला जोडीदार लागतो. भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधीची सांगताना 'हॅड' येतो: 'द ट्रेन हॅड लेफ्ट बिफोर वुई अराइव्ड.' मराठी माणूस 'काल पुण्याला गेलो होतो'चे 'आय हॅड गॉन टू पुणे यस्टर्डे' करून गप्प बसतो. इंग्रज श्रोता मात्र पुढे काय घडले, याची वाट पाहत राहतो. 'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती' या म्हणीने तर त्याला दोन 'हॅड' मिळतात आणि घटना एकही मिळत नाही.

भविष्याबाबत मराठी फारच उदार. घरातून न निघालेला 'आलोच!' म्हणतो आणि ठणठणीत माणूस 'मेलो!' म्हणून ओरडतो. 'पाऊस आला तर' यात आला आहे तो भूतकाळ, यायचा आहे तो पाऊस. इंग्रजी अशा वेळी 'इफ इट रेन्स' असा साधा वर्तमानकाळ घेते. 'इफ'च्या पोटात सहसा 'विल' घालायचे नसते; ते पुढच्या वाक्यासाठी राखून ठेवायचे.

काळ निवडताना तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. घटनेची वेळ सांगितली आहे का? क्रिया अजून चालू आहे का? दोन घटना असल्यास आधीची कोणती? तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत समोरचा माणूस बहुधा दुसऱ्या विषयावर गेलेला असतो.