ऋतुशास्त्री

लक्षद्वीपची बेटे जहाजाने पाहावयाची तर वर्षातील कोणता पंधरवडा निर्दोष, या प्रश्नावर आमच्या वसाहतीत अखेरचा शब्द ऋतुशास्त्रींचा. हे त्यांचे आडनाव नव्हे. मामलेदार कचेरीत अव्वल कारकुनाच्या खुर्चीत हयात घालवून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना शेजाऱ्यांनी एकमताने बहाल केलेला हा किताब आहे, आणि नोकरीतील बढती स्वीकारावी तितक्याच गांभीर्याने त्यांनी तो स्वीकारलेला आहे. वाऱ्याची दिशा, लाटांची उंची, चंद्राच्या कला, शाळांच्या सुट्या आणि आगगाडीची आरक्षणे या पाचही विषयांतला त्यांचा व्यासंग एवढा दांडगा, की कोचीच्या धक्क्यावरून सुटणारे जहाज कोणत्या महिन्यात किती डोलेल हे ते पुण्यातील आपल्या गॅलरीत बसून, बशीत चहा न सांडता, सांगू शकतात. पुण्याहून समुद्र दूर आहे ही गोष्ट समुद्राविषयी अंतिम मत देण्याच्या आड कधीच आली नाही; आणि आपण स्वतः अद्याप कोचीपर्यंतसुद्धा गेलेलो नाही, ही गोष्ट तर ते निःपक्षपातीपणाचा दाखला म्हणून पुढे करतात. जो जाऊन आला त्याचे मत त्या एका फेरीने दूषित झाले, असे त्यांचे म्हणणे.

समुद्रावर जाण्यास काळवेळ पाहावी हा विवेक त्यांच्या घराण्यात वंशपरंपरेने आलेला. मूळ गाव वेंगुर्ल्याकडचे. मुंबईहून सुटलेली बोट हर्णै, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी बंदरे घेत दक्षिणेकडे जाई, त्या काळातले त्यांचे बालपण. पुष्कळशा बंदरांत बोट काठाला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना ट्रंका, फणस आणि रडणारी मुले यांसह पडावात उतरून किनारा गाठावा लागे. पावसाळा लागला की बोटी बंद. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण झाल्यावाचून कोळी आपली होडी पाण्यात लोटीत नसे, आणि आजही पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या मुदतीत यांत्रिक मासेमारीला सरकारी बंदी असते. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट शेकडो उतारूंसह बुडाली, ती हकीकत ऐकत कोकणातली एक सबंध पिढी वाढली. तेव्हा वडीलधाऱ्यांचा धडा खोटा होता असे कोण म्हणेल? ऋतुशास्त्रींचे वैशिष्ट्य इतकेच, की वडीलधाऱ्यांनी चार महिन्यांपुरता घालून दिलेला निर्बंध त्यांनी क्रमाक्रमाने बाराही महिन्यांना लागू केला.

या कामाचे दप्तर त्यांनी रीतसर ठेवलेले आहे. लाल बासनात बांधलेली एक लांबोडकी वही. डाव्या समासात महिन्याचे नाव, पुढे वारा, लाट, पाऊस, गर्दी, भाडे, चंद्र आणि ‘कौटुंबिक हरकती’ असे सात रकाने, आणि सर्वांत उजवीकडे, तांबड्या शाईत, शेरा. शेऱ्याखाली आद्याक्षरांची सही आणि तारीख. प्रत्येक महिना हा त्यांच्या लेखी हात जोडून दारात उभा राहिलेला अर्जदार असून, त्याचा अर्ज कोणत्या कलमाखाली फेटाळावा एवढाच प्रश्न शिल्लक उरलेला असतो.

जून, जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर या चौघांचे अर्ज ‘दाखल करून घेण्यासही अपात्र’ आहेत, आणि येथे ऋतुशास्त्रींचा हाडवैरीही त्यांच्याशी सहमत होईल. १ जूनच्या सुमारास मोसमी पाऊस केरळात उतरतो; लक्षद्वीपची बेटे तर समुद्राच्या पाण्याहून उणीपुरी दोन-तीन पुरुष उंच; भोवतीच्या प्रवाळाच्या कड्यावर लाटा फुटू लागल्या की जहाजातून लहान होडीत उतरणे म्हणजे देवाचे नाव घेण्याचाच प्रसंग. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर यांच्यावर असा ठपका, की नैर्ऋत्येचा पाऊस गेला तरी ईशान्येचा येतो, आणि अरबी समुद्रातील चक्रीवादळांची वर्षातली दुसरी मुदत नेमकी तेव्हाच सुरू होते: ‘चौकशीअंती नामंजूर.’ डिसेंबरच्या नावापुढे ‘ओखी, २०१७’ एवढाच उल्लेख सापडतो. ते वादळ नोव्हेंबरअखेर कन्याकुमारीजवळून निघून डिसेंबरच्या आरंभी मिनिकॉयवर आदळले, त्या एका अपराधासाठी डिसेंबरला कायमचे काळ्या यादीत घातले आहे. शेरा: ‘पूर्वचारित्र्य वाईट. शिवाय नाताळ.’ मे महिन्याची वासलातही अशीच दोन शब्दांत लागलेली आहे: ‘तौक्ते पाहा.’ ते वादळ २०२१ च्या मेमध्ये लक्षद्वीपजवळच जन्माला आले होते.

खरी अडचण जानेवारीपासून सुरू होते. त्या महिन्यात आकाश धुतल्यासारखे, वारा ईशान्येचा आणि मंद, पाणी निवळशंख. म्हणजे शास्त्राच्या बाजूने आक्षेप घेण्यास तिळाएवढी जागा नाही. अशा वेळी सातवा रकाना कामास येतो. ‘गुणवत्ता मान्य, तथापि संक्रांत. पुढील वर्षी विचार व्हावा.’ फेब्रुवारी तर जानेवारीहूनही सज्जन. परंतु इतका सज्जन महिना सर्वांच्याच ध्यानात येणार, मग जहाजात पाय ठेवण्यास जागा राहणार नाही, या तर्काने त्याला ‘अतिलोकप्रियतेस्तव तहकूब’ ठेवला आहे. मार्चमध्ये वर्षअखेर. ऋतुशास्त्री निवृत्त झाले असले तरी ३१ मार्च जवळ आला की त्यांच्यातला कारकून सकाळी दहा वाजता अंगात सदरा चढवून बसतो आणि ताळेबंद लागेपर्यंत, कोणाचा का असेना, घर सोडीत नाही. एप्रिलच्या शेऱ्याला मी त्यांच्या लेखनाचा कळस मानतो. तेथे वारा, लाट, पाऊस या रकान्यांत ‘उत्तम’, ‘उत्तम’, ‘नाही’ असे लिहून शेवटी फैसला दिला आहे: ‘हापूस. नामंजूर.’

एवढ्यावरही कोणी हट्टाने त्यांना जानेवारी-फेब्रुवारीच्या कोपऱ्यात गाठलेच, तर ते चंद्राचा रकाना उघडतात. डेकवर बसून पौर्णिमेचे चांदणे पाहावे ही वहिनींची जुनी इच्छा. उलट अंधाऱ्या रात्री किनाऱ्याच्या पाण्यात सूक्ष्म जीवांमुळे निळसर प्रकाश दिसतो तो पाहावा, ही स्वतः ऋतुशास्त्रींची. शिवाय प्रवाळ नीट दिसण्यास दिवसाची ओहोटी हवी आणि होडीत चढण्या-उतरण्यास भांगाची भरती हवी. पौर्णिमेला उधाण, अमावास्येलाही उधाण. भांग येतो अष्टमीच्या सुमारास, आणि अष्टमीला ना धड चांदणे ना धड अंधार. लक्षद्वीपात भरती-ओहोटीतले अंतर मुंबईच्या मानाने पुष्कळच कमी असते हे त्यांना ठाऊक नाही असे नव्हे. पण चालू प्रकरणात साहाय्यक होणारा पुरावा ते स्वतः होऊन कधी रुजू करीत नाहीत. “अर्धा चंद्र बघायला पुरं भाडं कशासाठी द्यायचं?” असे विचारून ते वही मिटतात, आणि विचारणाऱ्याजवळ खरोखरच उत्तर नसते.

मग कोणी दुसऱ्या बेटांचे नाव सुचवितो. अंदमान म्हणावे, तर तेथे मेमध्येच पावसाला आरंभ होतो आणि वर्षाच्या उत्तरार्धात बंगालच्या उपसागरातील वादळांचे भय. मॉरिशस विषुववृत्ताच्या पलीकडे. आपल्याकडे थंडी तेव्हा तेथे उन्हाळा, आणि वादळांचा काळ नोव्हेंबर ते एप्रिल. “म्हणजे आपला जानेवारी तिथं जाऊन फितूर होतो,” हे त्यांचे दुःख. कॅरिबियन बेटांबद्दल मात्र त्यांना एक प्रकारचा आदर आहे, कारण तिकडील हवामान खात्याने चक्रीवादळांना १ जून ते ३० नोव्हेंबर अशी मुदत नेमून दिलेली असून १० सप्टेंबरच्या आसपास त्यांचा जोर शिगेला पोचतो, हेही नोंदून ठेवले आहे. वादळासारख्या बेशिस्त गोष्टीलाही दफ्तरी तारखा असू शकतात, हे प्रथम वाचले तेव्हा त्यांना गहिवरून आले होते. तेथे त्या महिन्यांतही जहाजे सुटतात, वादळ आडवे आले तर बंदर बदलतात, आणि भाडेही उतरते. “भाडं उतरतं हा कबुलीजबाब झाला,” एवढे बोलून त्यांनी तेही प्रकरण निकालात काढले.

शेजारच्या बिऱ्हाडातील बँकेच्या कॅशियरबाई मात्र त्यांच्याच वहीतून फेब्रुवारीच्या नोंदी उतरवून घेऊन, मुलाबाळांसह कावरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय पाहून आल्या. रात्री जहाजाने चालावे आणि दिवसा बेट पाहावे, असा त्या सफरीचा क्रम. जहाज प्रवाळाच्या कड्याबाहेर उभे राहते आणि लहान होड्या उतारूंना काठाला नेतात, म्हणजे ऋतुशास्त्रींच्या लहानपणचा पडावच. मिनिकॉयचा १८८५ सालचा दीपस्तंभ त्या चढून आल्या. तेथील लोकांची माहल भाषा मालदीवच्या भाषेची सख्खी बहीण, हे त्यांना तेथेच कळले. येताना खोबरे-गुळाची मिठाई घेऊन त्या प्रथम गेल्या त्या ऋतुशास्त्रींकडे.

“वारा कोणत्या दिशेचा होता?” ऋतुशास्त्रींनी पेनाचे टोपण काढीत विचारले.

“छान होता हो, काका.”

“लाटेची उंची?”

“तिकडं लक्षच गेलं नाही. पाणीच बघत बसलो होतो सगळे.”

ऋतुशास्त्रींनी वहीत लिहिले: ‘साक्षीदार भारावलेला. साक्ष ग्राह्य नाही.’ मिठाई मात्र त्यांनी दोनदा तपासून पाहिली.

पुढच्या जानेवारीत महिला मंडळाने लक्षद्वीपचा बेत केला आणि वहिनींनी त्यात आपले नाव घातले. या बेटांवर जाण्यास भारतीय नागरिकालाही प्रवेश-परवाना लागतो. आणि परवान्याचा अर्ज म्हटल्यावर ऋतुशास्त्रींच्या धमन्यांतून जुने रक्त वाहू लागले. त्यांनी वहिनींचाच नव्हे तर सबंध मंडळाचा अर्ज भरून दिला. ओळखपत्रांच्या नकला, छायाचित्रे, पोलिसांकडील दाखले, सारे अनुक्रमांक घालून टाचले. ‘परवान्याला अवधी लागतो, सबब घाई करावी’ अशी ताकीदही तेच देत होते. ‘प्रवासाची तारीख’ या रकान्याशी मात्र त्यांची लेखणी थबकली. तो मोकळा सोडून ते पाणी प्यावयास उठले, आणि परत आले तेव्हा वहिनींनी तो भरून सही केलेली होती.

ते स्वतः गेले नाहीत. घर पाहण्यास कोणी तरी हवे, आणि संक्रांत होतीच. कल्पेनीहून वहिनींनी दूरध्वनी केला तेव्हा ते म्हणाले, “तिकडं आज दुपारनंतर वारा वाढलाय. डोक्याला रुमाल बांध.” वहिनी म्हणाल्या, “अहो, मी किनाऱ्यावर उभी आहे. इथं पानसुद्धा हलत नाही.” त्यावर क्षणभर थांबून ऋतुशास्त्री म्हणाले, “वेधशाळेच्या हिशेबानं हलायला हवं. नीट बघ.”

अशा माणसाला भित्रा म्हणणे हा अन्याय होईल. आळशी तर तो नव्हेच. इतके परिश्रम घेण्यापेक्षा चारदा जाऊन येणे सोपे. त्याला जाण्यापेक्षा ठरविण्याचे सुख मोठे वाटते, आणि त्यात तथ्यही आहे, कारण सफर पाच दिवसांत संपते, ठरविणे जन्मभर पुरते. सफरीत जेवण अळणी निघते, सहप्रवासी घोरतात, बोट लागते. वहीतल्या समुद्रावर यांपैकी काहीच घडत नाही. गैरसोय झालीच तर ती घरच्या माणसांची होते, ज्यांचे चांदणे एका रकान्यात अडकून पडलेले असते. घर घेण्याचा, मुलीचे लग्न जमविण्याचा, नोकरी सोडून धंदा करण्याचा निर्दोष मुहूर्त शोधणारी मंडळीही याच गोत्रातली. फरक एवढाच, की ऋतुशास्त्रींच्या शोधाचा लाभ निदान सगळ्या वसाहतीला मिळतो. त्यांच्या वहीबरहुकूम गेलेला एकही शेजारी आजवर भिजून परतलेला नाही.

तेव्हा वाचकहो, सांगावयाचे ते इतकेच: लक्षद्वीपला जावयाचे तर जानेवारीचा दुसरा आठवडा उलटल्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत जावे, परवान्याची तजवीज आधी करावी, बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी जवळ बाळगावी, चंद्र ज्या कलेचा मिळेल त्या कलेचा गोड मानून घ्यावा. ऋतुशास्त्रींसारखे कोणी आपल्या ओळखीत असल्यास त्यांचा सल्ला अवश्य घ्यावा. त्यांची सोबत मात्र मागू नये.