पेठेतले भाऊ हिशेबनीस

देवगड–निपाणी रस्ता घाट चढण्याआधी जिथे दम घेतो, त्या फोंडाघाटच्या पेठेत कुठल्याही दुकानात विचारा, "रिटर्न कोण भरता?" उत्तर येईल, "भाऊ." भाऊ सीए नाहीत, बी.कॉम.ही नाहीत. त्यांना कॉलेजात वाणिज्य शिकायचे होते, पण ऐन आगोटीच्या गर्दीत गल्ल्यावर बसायला घरात दुसरे कोणी नव्हते. वाणिज्य गल्ल्यावरच झाले.

शाळेतून आल्यावर दप्तर टाकायचे आणि वडिलांच्या रोजकिर्दीवरून खतावणी उतरवायची, हा त्यांचा अभ्यासक्रम. बक्षीस म्हणून बरणीतली एक लिमलेटची गोळी, तीही घरखर्चाला नावे पडायची. तेरीज जुळल्याशिवाय जेवण नाही. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला तर कुठेतरी ५४ चे ४५ झाले असण्याचा संशय घ्यावा, ही युक्ती भाऊंना कुठल्या पुस्तकाने नाही, भुकेने शिकवली.

पुढे टॅली आली आणि घोळ झाला. देशी वहीत जमा डावीकडे, नावे उजवीकडे. इंग्रजी पद्धतीत बरोबर उलटे. सुरुवातीला भाऊंनी टॅली आरशात बघून दाढी करावी तशी चालवली. पण खरा संघर्ष वडिलांशी झाला. धंदा वेगळा आणि मालक वेगळा, हे तत्त्व भाऊंनी कुठल्याशा गाइडात वाचले आणि त्या दिवसापासून घरात आलेला साखरेचा प्रत्येक पुडा 'मालकाची उचल' म्हणून लिहायला घेतला.

"माझ्याच दुकानातली साखर माझ्याच नावार कित्या घालतस?"

"दुकान वेगळा, तुमी वेगळे."

"मगे मी कोण?"

या प्रश्नावर भल्याभल्या तत्त्वज्ञांनी हात टेकलेत. भाऊंनी मात्र साखर लिहिलीच, आणि त्या संध्याकाळी वडिलांनी चहा बिनसाखरेचा घेतला.

वर्ष कधी संपते, यावरही घरात एकमत नाही. वडिलांचे वर्ष पाडव्याला वहीपूजन झाले की सुरू होते. आयकर खात्याने १९८९ पासून सगळ्यांना ३१ मार्चला बांधले, पण ते त्यांना अजून कोणी अधिकृतपणे कळवलेले नाही. गिऱ्हाइकांचे वर्ष मुंबईचे चाकरमानी चतुर्थीला येऊन उधारी भागवतात तेव्हा फिरते. आणि ३१ मार्च येतो तो नेमका काजूच्या हंगामात, पेठेत कागदाकडे बघायला कोणाला सवड नसते तेव्हा.

खात्यांची नावे वाचण्यासारखी आहेत. 'बाबी म्हशीवालो', 'बाबी वरच्या वाडीचो', 'बाबी (देणार नाय)'. हा शेवटचा कंस म्हणजे बुडीत कर्जाची तरतूदच. फक्त ती भाऊ उधारी देतानाच करून ठेवतात.

१ जुलै २०१७ ला, भर पावसात, जीएसटी आला आणि भाऊंचे दिवस पालटले. सालासकट काजू बी शेतकऱ्याकडून घेतली तर कर शेतकऱ्याने नाही, नोंदणी असलेल्या खरेदीदारानेच भरायचा, हे त्यांनी वखारीवाल्यांना इतक्या वेळा समजावले की शेवटी कंटाळून त्यांनी वह्याच भाऊंकडे आणून टाकल्या. कणकवलीचे सीए आता भाऊंनी केलेल्या कागदांवर सही करतात. "सायबांचा अक्षर बरा आसा," एवढेच भाऊ त्यांच्याविषयी बोलतात.

महिन्याच्या २० तारखेला मात्र त्यांच्या वाटेला जाऊ नये. रात्री अकराला फोन चालू असतो.

"गुळाचा बिल खय आसा?"

"टेंपोत रवला."

"टेंपो खय?"

"दाजीपूर चढता."

"डायवरक फोन लाव."

"घाटात रेंज खय गावता, भाऊ?"

भाऊ फोन ठेवतात, चष्मा पुसतात आणि उचंत खाते उघडतात. त्या खात्यात गेल्या महिन्याचा टेंपोही अजून घाटातच आहे.