पंधरावी पोट्टी, सोळावा पोट्टा

"अवो वहिनी, ऐकलं का? आपली दिव्या देशमुख गोव्यात पहिल्याच फेरीत हरली म्हणे! दोन डाव खेळली, दोन्ही गेले. आन् जुलैमध्ये जगज्जेती झाली म्हणून आपण पेढे वाटले होते!"

काकूंच्या हातात तुरीच्या शेंगांचं सूप आणि कोपर कंपाउंडच्या भिंतीवर. डिसेंबर 2025 ची ही गोष्ट. बातमी महिन्याभरापूर्वीची, पण शिळ्या कढीला ऊत आणण्यात काकूंचा हात कोण धरणार? आमच्या नागपुरात डिसेंबरच्या उन्हात या भिंतीपाशी जेवढं राजकारण होतं, तेवढं विधिमंडळाच्या अधिवेशनातही होत नसेल.

"काकू, ती जगज्जेती झालीच नव्हती," मी म्हटलं. "महिलांची जगज्जेती चीनची जू वेनजुन. दिव्या विश्वचषक जिंकली."

"एकच ना ते? क्रिकेटात विश्वचषक जिंकला की जगज्जेतेच म्हणतात."

"बुद्धिबळात तसं नाही. विश्वचषकातले पहिले तीन जण कँडिडेट्स नावाच्या स्पर्धेला पात्र होतात. तिथं आठच जण असतात. त्या आठांतून जो जिंकेल, तो जगज्जेत्याला आव्हान देणार. त्यालाही हरवलं तर मग जगज्जेता."

"म्हणजे अजून लग्न नाही ठरलं, नुसती पसंती कळवली!"

"अगदी बरोबर. आणि गोव्यातला विश्वचषक आणखी वेगळा. तो खुला. दिव्या जुलैत जिंकली तो महिलांचा, जॉर्जियातल्या बाटुमीला. गोव्यात तिला खास प्रवेश मिळाला होता, आणि 206 जणांत ती एकटीच बाई. पहिल्याच फेरीत समोर ग्रीसचा ग्रँडमास्टर आला, रेटिंगमध्ये तिच्याहून वरचा. हरली, यात नवल काय?"

काकूंनी एक शेंग दातांनी फोडली. "एकटी बाई आन् 205 बाप्ये! हे कोणी सांगितलंच नाही मले."

तेवढ्यात मागून नाना आले. नाना म्हणजे काकूंचे यजमान. निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी चौकातल्या ओट्यावर पट मांडतात आणि समोरच्यानं मोहऱ्याला हात लावून चाल बदलली की आख्खी गल्ली डोक्यावर घेतात. बुद्धिबळाचा विषय निघाल्यावर ते घरात बसणं शक्यच नव्हतं.

"206 जण एकमेकांशी खेळत बसले तर वर्ष जाईल," नाना म्हणाले. "म्हणून बाद फेरी. हरला तो घरी. आण ते सूप इकडे."

नानांनी सुपातले तुरीचे दाणे भिंतीवर मांडायला घेतले. काकूंनी कपाळाला हात लावला.

"हे बघ. 206 आकडा अडचणीचा. अर्धे करत गेलं तर नीट एकावर येत नाही. 128 असेल तर येतो: 64, 32, 16, 8, 4, 2, 1. म्हणून काय केलं? वरच्या 50 मानांकितांना पहिल्या फेरीत पुढे चाल दिली. त्यांनी खेळायचंच नाही. उरले किती?"

"156," मी म्हटलं.

"त्यातले 78 जिंकले. 78 आणि 50 किती?"

"128!" काकू एकदम ओरडल्या. भाजीवाल्याचा हिशेब तोंडी करणाऱ्या बाईला हे काय कठीण!

"झालं. त्यानंतर सात फेऱ्या. एकूण आठ. बाटुमीला 107 जणी होत्या. 21 जणींना पुढे चाल, 86 खेळल्या, 43 जिंकल्या, मिळून 64. एकूण सात फेऱ्या. दिव्याला 15 वं मानांकन, म्हणजे ती थेट दुसऱ्या फेरीत."

"आन् कोण कोणाशी खेळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवतात का?"

"नाही. वरच्याची गाठ खालच्याशी. गोव्यात 51 वा 206 व्याशी. मोठे मोठे एकमेकांना लवकर भेटू नयेत म्हणून तशी आखणी. पण मधलाच कोणी धाकटा मोठ्याला गिळतो आणि सगळी आखणी कोलमडते. मजा तिथंच आहे."

काकूंना मजेपेक्षा भानगडीत जास्त रस. "डाव बरोबरीत सुटला तर मग? दोघांनाही पुढं पाठवतात?"

"दोघांना कसं पाठवतील? प्रत्येक लढतीत आधी दोन संथ डाव. एकात पांढरी मोहरी याची, दुसऱ्यात त्याची. पहिल्या 40 चालींना दीड तास, मग आणखी अर्धा तास, आणि प्रत्येक चालीला 30 सेकंद वरचे. रोज एक डाव. दोन दिवसांत 1-1 झालं तर तिसऱ्या दिवशी टायब्रेक. तिथं आधी 15 मिनिटांचे दोन जलद डाव. तरी बरोबरी? 10 मिनिटांचे दोन. तरीही बरोबरी? 5 मिनिटांचे दोन. असा वेळ कमी कमी करत नेतात."

"बापरे! म्हणजे तिसऱ्या दिवशी घाम काढतात!"

"घाम तर काढतातच. आणि दोन दिवसांत जो जिंकला, तो तिसऱ्या दिवशी आराम करतो. टायब्रेक खेळून दमलेल्याला दुसऱ्या दिवशी नवा प्रतिस्पर्धी. महिनाभर हे असंच."

आता मला राहवेना. "नाना, दिव्या बाटुमीला अशाच तिसऱ्या दिवसांवर जिंकली. चौथ्या फेरीत दुसरी मानांकित झू जिनेर, टायब्रेकमध्ये. उपांत्यपूर्व फेरीत आपली हरिका द्रोणावल्ली, तीही टायब्रेकमध्ये. उपांत्य फेरीत तान झोंगयी, माजी जगज्जेती. तिला मात्र दोन डावांतच आटपलं, पण दुसरा डाव 101 चालींचा! आणि अंतिम फेरीत कोनेरू हम्पी."

"दोघी भारतातल्याच? म्हणजे चषक घरचाच!"

"घरचाच. दोन संथ डाव बरोबरीत. पहिला जलद डाव बरोबरीत. दुसऱ्या जलद डावात दिव्याकडे काळी मोहरी, हम्पी वेळेच्या कचाट्यात सापडली, चुकली आणि संपलं. 28 जुलैला. पोरगी उठली आणि आईच्या गळ्यात पडून रडली. हम्पी 2002 मध्ये ग्रँडमास्टर झाली, तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता."

"ते ग्रँडमास्टर पण तवाच झाली ना ती?"

"त्याच दिवशी. एरवी ग्रँडमास्टर व्हायला स्पर्धांत तीनदा ठरावीक दर्जाची कामगिरी, म्हणजे तीन नॉर्म, लागतात आणि 2500 रेटिंग. दिव्याकडे एकही नॉर्म नव्हता. पण हा चषक जिंकणारीला किताब थेट मिळतो. देशाची 88 वी ग्रँडमास्टर, महिलांत चौथी. नागपुरात रौनक साधवानी आहेच, आता ही."

नानांना जॉर्जिया आठवलं. "जागाही काय निवडली बघा! नोना गाप्रिंदाश्विली, माया चिबुर्दानिद्झे, दोघी जगज्जेत्या तिथल्याच. जॉर्जियात म्हणे पूर्वी लग्नात मुलीला बुद्धिबळाचा पट द्यायची रीत होती."

"आन् माझ्या बाबांनी मले मिक्सर दिला," काकू म्हणाल्या आणि नानांकडे अशी नजर टाकली की नाना दाणे मोजायला लागले.

"पैसे किती मिळाले पोट्टीले?"

"50 हजार डॉलर. चाळीस लाखांवर रुपये."

"आन् गोव्यात जिंकला त्याले?"

"1 लाख 20 हजार डॉलर."

काकूंचा हात शेंगेवरच थांबला. "मेहनत सारखी, डोकं सारखं, आन् पोट्टीले अर्ध्याहून कमी! असं कसं जी?"

नाना काहीतरी बोलणार होते, पण काकूंचा चेहरा बघून त्यांनी शहाणपणा केला.

"गोव्यात जिंकलं कोण?" काकूंनी स्वतःच विषय पुढे नेला. "आपला गुकेश ना?"

"कसला गुकेश!" नाना हळहळले. "जगज्जेता, पहिला मानांकित, आणि तिसऱ्या फेरीत जर्मनीच्या फ्रेडरिक स्वानेनं काढला. टायब्रेकपर्यंतसुद्धा गाडी गेली नाही. प्रज्ञानंद तिसरा मानांकित, चौथ्या फेरीत दुबोव्हकडून गेला. अर्जुन एरिगैसी दुसरा मानांकित, तो उपांत्यपूर्व फेरीपर्यंत टिकला, पण तिथं चीनच्या वेई यीनं टायब्रेकमध्ये हरवलं. पहिले तिन्ही मानांकित आपले, स्पर्धा आपल्या देशात, हडफड्याच्या रिसॉर्टात, चषकाला नाव विश्वनाथन आनंदचं, आणि कँडिडेट्सच्या तीन जागांत एकही भारतीय नाही!"

"मग जिंकला कोण?"

"उझबेकिस्तानचा जावोखिर सिंदारोव. ताश्कंदचा पोरगा. त्याचं मानांकन किती, ठाऊक आहे? सोळावं."

इथं मी माझं हुकमी पान काढलं. "काकू, ऐका. दिव्या पंधरावी, सिंदारोव सोळावा. दोघांनी अंतिम सामना टायब्रेकमध्ये जिंकला. दोघांचाही निकाल अडीच-दीड, दोघांचे पहिले तिन्ही डाव बरोबरीत आणि दुसऱ्या जलद डावात विजय. आणि जिंकताना वय? दोघंही 19 वर्षांचे. सिंदारोवचा जन्म 8 डिसेंबर 2005 चा आणि दिव्याचा 9 डिसेंबर 2005 चा. एका दिवसाचं अंतर!"

"अवो बाप्पा!" काकूंचे डोळे चमकले. "पत्रिका तर जुळून राहिली! कोणी विचारलं का त्याच्या आईबापाले?"

"काकू!"

"बरं बरं, राहिलं. पण मले एक सांगा. गुकेश जगज्जेता, तो तिसऱ्या फेरीत घरी. सोळावा पोट्टा जिंकला. मग सगळ्यात हुशार कोण, हे या स्पर्धेतून कळतं तरी का?"

प्रश्न नेमका होता. नानांनी दाणे बाजूला सारले.

"नाही कळत. आणि ते कळायला ही स्पर्धा नाहीच. एके काळी बाद फेरीतून थेट जगज्जेता ठरवायचा घाट घातला होता. 1997 ला नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला आनंद डिसेंबरभर खेळत, एकेकाला हरवत शेवटपर्यंत गेला आणि जिंकला. मग सांगितलं, आता दोन-तीन दिवसांत स्वित्झर्लंडला लोझानला जा आणि आधीच्या जगज्जेत्या कार्पोव्हशी खेळ. कार्पोव्ह ग्रोनिंगेनला खेळलाच नव्हता, ताजातवाना वाट बघत बसलेला. सहा डाव 3-3 झाले आणि जलद डावांत आनंद हरला. त्याचा राग माझा अजून गेला नाही."

"मग अशी स्पर्धा ठेवायची तरी काहून?"

"ठेवायची, कारण हिच्यात दार उघडं असतं. बाकीच्या कित्येक बड्या स्पर्धांना निवडक आठ-दहा जण बोलावतात, तीच तीच नावं. इथं 206 वा माणूसही पट मांडून बसतो आणि समोरच्याला हरवलं की कोणी अडवत नाही. ग्रँडमास्टरचा किताब नाही, नॉर्म नाही, पंधरावं मानांकन, तरी पोरगी सातव्या फेरीत जिंकून बाहेर पडते. आणि दार उघडं म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडं. आत येणं सोपं, तसं बाहेर जाणंही. गुकेशला विचारा."

काकू थोडा वेळ गप्प बसल्या. ही घटना दुर्मीळ. मग म्हणाल्या, "म्हणजे दिव्या गोव्यात हरली, हे सांगण्यासारखं नाहीच की!"

"सांगा ना," मी म्हटलं. "पण सगळं सांगा. बाद फेरीची एक लढत म्हणजे एकाचं घरी जाणं. 206 मधून एक उरायचा तर 205 लढती लागणार आणि 205 जण हरणार. ती त्यांतली एक. गुकेश, प्रज्ञानंद, अर्जुन, अंतिम फेरीत हरलेला वेई यी, सगळे त्याच रांगेत."

"आन् ते कँडिडेट्स की काय, ते कधी आहे पोट्टीचं?"

"2026 मध्ये. आणि तिथं बाद फेरी नाही. आठ जणी, प्रत्येकीशी दोनदा डाव. एक डाव हरला तरी दुसऱ्या दिवशी पटावर बसायचंच."

"मग बरंय," काकू म्हणाल्या. "तिथं मात्र कोणी काही म्हणायचं नाही, जोवर चौदाच्या चौदा डाव होत नाहीत."

हिशेब त्यांनी तोंडीच केला होता, आणि बरोबर केला होता.