हाऊएव्हर गुरुजी

इंग्रजीतील उभयान्वयी अव्ययांवर पोटच्या पोरांपेक्षा अधिक माया करणारा एक शिक्षक प्रत्येक तालुक्याच्या गावी असतोच, आणि बहुतेक वाचकांनी त्याच्या हातची छडी खाल्लेली असल्यामुळे त्याचा कोट, त्याची छत्री आणि त्याची तपकीर यांच्या वर्णनात मी कालहरण करीत नाही. भंडारा जिल्ह्यातील आमच्या या गृहस्थांना सारी पंचक्रोशी 'हाऊएव्हर गुरुजी' म्हणून ओळखीत असे. आणि त्यांच्यामुळे एक जमत आलेले लग्न कसे फिसकटले, ते प्रथम सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

साकोलीकडचे एक वधूपिते स्थळाची चौकशी करावयास त्यांच्या ओसरीवर येऊन बसले. "मुलगा माझाच विद्यार्थी," गुरुजी म्हणाले. "निर्व्यसनी, आज्ञाधारक, तहसिलीत कारकून, घरी धानाच्या उत्तम बांध्या." येथे गुरुजी थांबले. त्यांनी डोळे मिटले, तर्जनी उंच धरली, आणि ओसरीवर अशी काही शांतता पसरली की वधूपित्याच्या मुखावरचा रंग क्रमाक्रमाने उतरू लागला. "हाऊएव्हर," गुरुजी उच्चारते झाले, आणि पुनश्च थांबले. वधूपित्याने टोपी उचलली, जोडा पायात घातला आणि चहाची वाट न पाहता गाडी जुंपावयास सांगितली. 'आपली कन्याही त्याला सर्वथैव अनुरूप आहे' हा वाक्याचा उत्तरार्ध ओसरीच्या खांबाने तेवढा ऐकला.

या अनर्थाचे मूळ व्याकरणात होते. 'बट' हे जन्मजात उभयान्वयी अव्यय. दोन वाक्ये जोडताना त्याच्यापूर्वी एक स्वल्पविराम दिला की त्याचे भागते. 'हाऊएव्हर' मात्र क्रियाविशेषणाच्या कचेरीतून उसनवार आणलेला माणूस. तो जोडणीचे काम करतो खरा, परंतु दप्तरी त्याची नेमणूक नसल्यामुळे त्याच्यापूर्वी पुरता अर्धविराम आणि पश्चात स्वल्पविराम दिल्याखेरीज त्याला दोन वाक्यांच्या मध्ये उभे करता येत नाही. हा नियम बिनचूक आहे, आणि तो कागदावर पाळणाऱ्याला मी वंदन करतो. गुरुजी तो तोंडाने पाळीत, आणि तोही मराठी बोलताना!

लाखनीच्या थांब्यावर त्यांनी कंडक्टरला "ही गाडी भंडाऱ्याची आहे, हे मी जाणतो" इतके सांगून अर्धविराम घेतला, आणि तो पूर्ण होण्याच्या आत गाडी धुरळ्यात दिसेनाशी झाली. न्हाव्याचे प्रकरण याहून भयंकर. "मिशी काढावयाची आहे," असे म्हणून गुरुजींनी डोळे मिटून तर्जनी वर केली, आणि तो बिचारा हुकुमाचा ताबेदार असल्याने "हाऊएव्हर, आज नव्हे" हे शब्द बाहेर पडले तेव्हा अर्धी मिशी वाटीतल्या पाण्यात पोहत होती. त्यांच्या ओसरीवरून सुटका करून घ्यावयाची ती अर्धविरामात, हे शहाणी माणसे पहिल्या भेटीतच शिकत. मी स्वतः या संधीचा लाभ घेऊन कित्येकदा माघारी वळलो आहे. गुरुजींनी डोळे उघडले तेव्हा समोर मी असे किंवा नसे, वाक्य पूर्ण होतच असे.

वर्गातील त्यांचे राज्य निराळे. आरंभी नेस्फील्ड आणि पुढे रेन व मार्टिन, या दोन ग्रंथांवाचून तिसरा त्यांनी प्रमाण मानला नाही. यांपैकी रेनसाहेबाने मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी करून पुढे १९२४ साली फ्रेंच लष्करातील साहसांवर 'ब्यो जेस्त' नावाची कादंबरी लिहिली, हे जेव्हा कोणी त्यांच्या कानी घातले, तेव्हा आपला पुरोहित तमाशात नाचताना पाहिल्यासारखे ते दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. 'नो सूनर'च्या मागे 'दॅन'ऐवजी 'व्हेन' लिहिणारा विद्यार्थी त्यांच्या लेखी फौजदारीस पात्र होता. 'लेस्ट' आले की 'शुड' आलेच पाहिजे. मराठीत 'जरी'च्या पाठोपाठ 'तरी' येते, त्या न्यायाने आम्ही 'ऑल्दो'ने वाक्य उघडून पुढे 'बट' घालीत असू, आणि तो 'बट' तांबड्या शाईत बुडून मरे. क्वचित गुरुजी प्रसन्न असले तर त्याच्या जागी 'यट' लिहून देत. 'बिफोर' आणि 'आफ्टर' शिकविण्यासाठी तर वैद्य येण्यापूर्वीच मरणारा तो सनातन रोगी ठेवलेलाच होता. त्या एका काळाच्या सिद्धीसाठी आमच्या शाळेत जितके रोगी दगावले, तितके पटकीच्या साथीतही दगावले नसतील.

निवृत्तीनंतर गुरुजी लोकांचे अर्ज फुकट लिहून देऊ लागले, आणि तहसिलीसमोरच्या कडुनिंबाखाली बसणारा अर्जनवीस निष्कारण देशोधडीला लागला. मामला बहुधा तलावांचा असे. आमच्या भागातील तलाव गोंड राजांच्या अमदानीत कोहळी लोकांनी बांधलेले. पुढे त्यांची निगा मालगुजाराकडे, गावाचा निस्तार, म्हणजे पाण्या-चराईचा वहिवाटी हक्क, वाजिब-उल-अर्ज या गावच्या दप्तरात लिहिलेला. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले, आणि पाळ कोणी बांधावयाची हा प्रश्न जो उभा राहिला तो उभाच राहिला. नागपूरच्या राजधानीखालचा हा जिल्हा १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्रात आला. दुरुस्तीची दरखास्त मात्र प्रत्येक सरहद्दीवर मागे पडत गेली.

एका पावसाळ्यात शेजारच्या गावची पाळ फुटली आणि नुकतीच रोवणी झालेल्या बांध्या वाहून गेल्या. गुरुजींनी अर्ज लिहिला. अर्ज एकाच वाक्याचा होता. त्यात अकरा 'व्हेअरॲज', चार 'इनॲजमच ॲज', एक 'नॉटविथस्टँडिंग' आणि अर्थातच अर्धविरामासह 'हाऊएव्हर' होता. ज्या म्हाताऱ्या शेतकऱ्यासाठी तो लिहिला, त्याने तीन पाने वाचून घेतली आणि विचारले, "समदं बेस हाय जी गुरुजी, पन पाळ फुटली, हे कोनत्या जागी लिवलं?" गुरुजींनी शेवटल्या पानावरचे एक गौण वाक्य दाखविले.

कचेरीचे उत्तर आले की, १९६४ चा राजभाषा अधिनियम झालेला असल्याने अर्ज मराठीत करावा. गुरुजी डगमगले नाहीत. 'व्हेअरॲज'चे 'ज्याअर्थी' झाले, 'देअरफोर'चे 'त्याअर्थी', 'हाऊएव्हर'चे 'तथापि', आणि 'सबब' तर पेशवाईपासून हाताशी होताच. या अर्जाला जे उत्तर आले ते मात्र अपूर्व होते: ज्याअर्थी सदर तलाव अमुक खात्याच्या अखत्यारीत येतो, आणि ज्याअर्थी त्या खात्याकडे तरतूद नाही, त्याअर्थी अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे; तथापि, अर्जदारास पुनश्च अर्ज करण्यास मुभा आहे. उत्तर देणारा अधिकारी त्यांचाच विद्यार्थी निघाला. गुरुजींनी तो कागद ओसरीवर सर्वांना वाचून दाखविला, 'तथापि'पूर्वीच्या अर्धविरामावर बोट ठेवले, आणि त्यांचे डोळे भरून आले. "पाहिलेत? विसरला नाही," ते म्हणाले. म्हातारा खाली पायरीवर बसून होता. "मंग आता आमी खावाचं काय जी?" त्याने विचारले.

गुरुजींनी डोळे मिटले; तर्जनी मात्र वर गेली नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी दौत ओढली आणि एक कोरा ताव घेऊन लिहिले: पाळ फुटली आहे. धान वाहून गेले आहे. गावात खावयास नाही. पाळ बांधून द्या. जोडणीचा एकही शब्द नाही! तो कागद त्यांनी म्हाताऱ्याच्या अंगठ्यासाठी पुढे केला, आपले हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून अक्षर मुद्दाम बिघडविले होते, आणि हा अर्ज आपण लिहिला हे कोणास सांगू नये अशी मला तंबी दिली. त्या दिवशी मी अर्धविरामाची वाट न पाहता दिवेलागणीपर्यंत ओसरीवर बसून राहिलो.

पुढच्या उन्हाळ्यात पाळीवर मुरूम पडला. त्याच वर्षी निवडणूकही होती. गावकरी पायलीभर तांदूळ घेऊन आले आणि "गुरुजींच्या अर्जामुळं पाळ झाली" असे म्हणू लागले, तेव्हा गुरुजींनी तांदूळ परत केले आणि त्यांना तिथल्या तिथे खडसावले. "पाळ अर्जानंतर झाली, इतकेच म्हणा. 'आफ्टर' लिहा, त्याला माझी हरकत नाही. 'बिकॉज' लिहावयाचे असेल तर पुरावा आणा."