फुंकर, पथ्य आणि फॉरमॅट

भोरच्या एसटी स्टँडपासून वेल्ह्याच्या बाजारपेठेपर्यंत पेनड्राइव्ह बरा करणारा हा माणूस कुठेही भेटतो. (वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच.) दुकानाच्या पाटीवर झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन फॉर्म एवढंच असतं. लोक मात्र रुमालात गुंडाळलेला पेनड्राइव्ह घेऊन येतात, घरात पोर तापाने फणफणल्यासारखा चेहरा करून.

‘भाऊ, कालपर्यंत चालत होता,’ हे पहिलं वाक्य. ‘आम्ही काहीच केलं नाही,’ हे दुसरं. पहिलं खरं असू शकतं. भाऊ टोपण काढून आत फुंकर मारतो. फुंकरीने डेटा परत येत नाही, गेली तर थुंकीच आत जाते. पण त्याशिवाय गिऱ्हाइकाला इलाज सुरू झाल्यासारखं वाटत नाही. मग पथ्यपाण्याची चौकशी. ट्रॅक्टरच्या टेपला लावला होता? कॉपी चालू असतानाच उपसला? ‘फॉरमॅट करू का?’ असं स्क्रीनवर आलं, तेव्हा काय दाबलंत?

इथे गिऱ्हाईक पंख्याकडे बघू लागतं.

भाऊचं शास्त्र पक्कं आहे. लिहिणं चालू असताना पेनड्राइव्ह ओढला, की कुठली फाइल कुठे ठेवलीय याचा आतला तक्ताच बिघडू शकतो. फॅट ३२ पद्धतीत या तक्त्याच्या एरवी दोन प्रती असतात, तरी कधी दोन्ही बिनसतात. हे तो सात-बाराच्या भाषेत सांगतो: ‘जमीन जागेवर आहे, तलाठ्याचं दप्तर भिजलंय.’ क्विक फॉरमॅटनंतरही बराच माल खाली तसाच पडून असतो, वर नवीन काही लिहिलं नसेल तर. या ‘तर’वरच त्याचं पोट चालतं. म्हणून त्याचा पहिला इलाज म्हणजे गिऱ्हाइकाचा हात धरणं. दुसरा, अख्ख्या पेनड्राइव्हची जशीच्या तशी नक्कल घेणं. पुढचे सगळे प्रयोग नकलेवर. चेकडिस्कसुद्धा नकलेवरच, ती दप्तर सरळ करते, तुमच्या फाइली वाचवायची शपथ तिने घेतलेली नाही.

सगळे फोल्डर शॉर्टकट झाले, हा आजार त्याला बसल्या जागी कळतो. व्हायरसने खरे फोल्डर फक्त लपवलेले असतात. अॅट्रिबची एक ओळ टाइप केली की बाहेर येतात. पण अर्ध्या मिनिटात काम झालेलं दिसलं तर शंभर रुपये द्यायला गिऱ्हाईक कुरकुरतं. म्हणून, ‘संध्याकाळी या.’

दुसरा आजार खास आपला. लग्नपत्रिकेची फाइल उघडावी, तर गणपतीच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि डॉलरची भेळ! घरात रडारड. फाइल ठणठणीत असते. ती श्रीलिपीसारख्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेली, आणि तो फॉन्ट या कॉम्प्युटरवर नाही, एवढंच. पुण्यात आयटीत असलेल्या कुणाच्या तरी भाच्याने याच दुखण्यावर सरळ फॉरमॅट मारला, हे भाऊ दरवर्षी वाढत्या दुःखाने सांगतो.

बसस्टँडवर स्वस्तात घेतलेल्या १२८ जीबीच्या पेनड्राइव्हपुढे मात्र तो हात टेकतो. आत चिप ८ जीबीची, पाटी तेवढी मोठी. आठाच्या पुढचं सगळं हवेत लिहिलेलं.

त्याची खरी कसोटी मे महिन्यात लागते. राजगडाच्या पायथ्याशी प्री-वेडिंग, भोरच्या कार्यालयात लग्न, सगळं एकाच मेमरी कार्डावर आणि कार्ड मुकं. भाऊ फोटोरेक लावतो. हा फुकटचा प्रोग्राम बिघडलेल्या दप्तराच्या नादी लागत नाही. चाळणीत धान्य घ्यावं तसं सगळं कार्ड चाळतो आणि जेपेगची सुरुवातीची खूण दिसली की फोटो उचलतो. फाइलींची नावं मात्र जातात, क्रमही विस्कटू शकतो. मग अख्खं वऱ्हाड दुकानात स्टुलांवर. नवरीच्या पाठवणीनंतर हळद लागते, जेवणावळीनंतर मुंडावळ्या बांधल्या जातात.

आणि खालच्या थरातून, फोटोग्राफरने घाईत फॉरमॅट केलेलं, आठ दिवसांपूर्वीचं वेल्ह्याचं लग्न वर येतं. वरात, डीजे, आणि बेंजोपुढे गुडघ्यावर बसून रुमाल फिरवणारे इथल्याच नवरदेवाचे मामा. कंबर धरलीय म्हणून त्याच आठवड्यात साखरपुड्याला न आलेले.

दुकानात क्षणभर शांतता.

‘भाऊ,’ मामी स्टूल पुढे ओढत म्हणतात, ‘तेवढा एक मोठा करून काढ. लॅमिनेशनसकट.’